गुळाचा फासा

शनिवारी शाळा दुपारीच सुटते. त्यानंतर स्टाफरूममध्ये जी डुलकी लागते, तिचा हात गादीवरची झोपसुद्धा धरू शकत नाही. ज्योत्स्नाबाई हुपरीकर टेबलावर हात पसरतात, त्यावर गाल टेकतात आणि स्वतःला बजावतात की झोपायचं नाहीये, नुसते डोळे मिटायचेत. असं बजावणारा माणूस झोपलाच म्हणून समजावं.

पंखा कुरकुरतोय. बाहेर मैदानावर मुलांचं क्रिकेट चाललंय. चेंडूत भरलेले छर्रे खुळखुळत कधी खिडकीशी येतात, कधी पार कुंपणापाशी जातात. ही अंध मुलामुलींची शाळा आहे, इथे चेंडूला आवाज असावाच लागतो. ज्योत्स्नाबाईंना मात्र दिसतं. चष्मा लावून का होईना, चांगलं दिसतं. त्यांचा मूळ विषय भूगोल. गणित त्यांच्या गळ्यात पडलं ते मगदूम सर गेल्यावर, म्हणजे गेल्या दिवाळीनंतर. मगदूम सरांना जन्मापासून दिसत नव्हतं, आणि नववी-दहावीचं गणित ते असं शिकवायचे की तास संपला की मुलं घंटेवर रागवायची. एका सकाळी त्यांच्या छातीत दुखलं आणि दुपारी ते नव्हते. मोठ्या बाई म्हणाल्या, "नवा माणूस मिळेपर्यंत तुम्ही सांभाळा." नवा माणूस अजून मिळायचाय.

आत्ता बाईंच्या कोपराखाली नववीतल्या रेवती चौगुलेचा चाचणीचा पेपर आहे. विषय, संच आणि संभाव्यता. गुण, शून्य.

शून्याचं एवढं काही नाही, शाळेत शून्यं पडतातच. पण आज संध्याकाळच्या एसटीने रेवतीचे वडील येणार आहेत. अंध मुलांना दहावीला नेहमीच्या गणिताऐवजी सोप्या अंकगणिताची सवलत घेता येते. रेवतीने ती घ्यावी की नाही, हे बाईंनी आज सांगायचंय. वडील बाईंच्या शब्दाबाहेर नाहीत. सवलत घेतली तर पोरगी सुखाने पास होईल आणि गणिताशी तिचा संबंध संपेल. आणि रेवतीला तर गणितातच पुढे शिकायचंय. पाचवीपासून हे सांगून सांगून तिने वसतिगृहाचे कान किटवलेत. बाईंचं जवळजवळ ठरलंय, की सवलत घ्या म्हणायचं. पोरीचं वाईट व्हावं असं त्यांच्या मनात अजिबात नाही, म्हणून तर ते सांगणं जिवावर आलंय.

"सर असते तर," त्या पुटपुटतात. चेंडू खुळखुळत लांब जातो आणि बराच वेळ परत येत नाही.

लवंगेचा वास येतो.

"सरकून बसा की ओ बाई," मगदूम सर म्हणतात. "सगळं टेबल तुमच्या नावावर केलंय काय संस्थेनं?"

ज्योत्स्नाबाई सरकतात. समोरच्या खुर्चीत सर बसलेत. पांढरी काठी दोन गुडघ्यांच्या मध्ये उभी, बदामी शर्टाचं वरचं बटण नेहमीसारखं भलत्याच काजात. दातांखाली लवंग आहेच. सर गेलेत हे बाईंना पक्कं आठवतंय, पण मिरजेला जाऊन परत यावं तसे ते गेलेत आणि आलेत, यात विचित्र असं काही त्यांना वाटत नाही.

"चहा मागवू?"

"नको. तिकडं मिळतो."

"बरा असतो का?"

"पातळ असतो. पण कपाचे कान धड असतात."

इथल्या कपांना कान नाहीत ही सरांची जुनी तक्रार. बाईंना हसू येतं, आणि हसता हसता मनात रुतलेलं एक बाहेर पडतं. "सर, फळ्यावरच्या शिक्षकांच्या नावांतून तुमचं नाव पुसलं. मी नाही पुसलं. शिपायानं पुसलं."

"पुसणारच. शाळेचे शिक्षक हा संच घेतला तर मी त्याचा घटक नाही. त्यात शिपायाचं काय चुकलं?"

"मग तुम्ही आता कशाचे घटक?"

"आधी विश्वसंच ठरवा, मग विचारा." सर काठी एका गुडघ्यावरून दुसऱ्यावर टेकवतात. "श्वास घेणारी माणसं हा विश्वसंच धरलात तर मी बाहेर. तुम्ही मनातल्या मनात ज्यांच्याशी बोलता ती माणसं, असा धरलात तर मी आत. आणि चांगला मधोमध. भांडं न दाखवता त्यात काय आहे ते विचारू नये. किती वेळा सांगितलंय मी तुम्हाला."

दिवाळीपासून बाई कुणाजवळ हे बोललेल्या नाहीत, पण इथे बोलता येतं. "मला तुमची फार आठवण येते, सर."

"माहीत आहे. म्हणून तर पेपरवर झोपताय."

टेबल हलू लागतं. ते एसटीचं बाक आहे, आणि एसटी उसाच्या रानांमधून चाललीये. पंखा अजून वर फिरतोय, गाडीच्या छताला, आणि त्याबद्दल कुणाचीच तक्रार नाही. सर खिडकीशी बसलेत. मुलांना सहलीला नेताना ते असेच बसायचे आणि वाटभर प्रश्न विचारून सगळ्यांना हैराण करायचे.

"बाई, बसलेले आणि उभे असलेले. दोन संच. छेद सांगा."

"रिक्त. एक माणूस एकाच वेळी बसून आणि उभा कसा असेल?"

"बरं. आता बसलेले आणि झोपलेले."

बाई मागे वळून बघतात. झोपलेले सगळे बसलेलेच आहेत. "झोपलेले हा बसलेल्यांचा उपसंच आहे," त्या म्हणतात. तेवढ्यात पुढच्या दाराशी दांडीला लोंबकळत एक म्हातारबाबा उभ्या उभ्या घोरताना त्यांना दिसतात. "नाही, चुकलं. एक जण उभ्यानं झोपलाय."

"एक जण पुरतो," सर समाधानानं म्हणतात. "सगळी माणसं तपासल्याशिवाय उपसंच म्हणू नये. आता आणा तो पेपर."

पेपर बाईंच्या काखेतच आहे. सर तो मांडीवर घेतात आणि दोन बोटं ब्रेलच्या ठिपक्यांवरून फिरवतात. ती बोटं बघून बाईंना फार बरं वाटतं. सर वाचायला लागले की शेजारच्याला उगाच धीर यायचा, तसा तो आत्ताही येतो.

"प्रश्न. एक फासा टाकला, तर नमुना अवकाश लिहा." सर वाचतात. "उत्तर. एक, दोन, तीन."

"बघा ना. टाकल्यावर काय काय पडू शकतं तेवढंच लिहायचं होतं. नववीतल्या मुलीला फाशाला सहा बाजू असतात हे माहीत नाही म्हणजे काय म्हणावं? पुढचं सगळं मग कोसळलंच."

"थांबा. कोसळलं का ते बघू." बोटं पुढे सरकतात. "समसंख्या मिळण्याची संभाव्यता, तीनपैकी एक. तीनपेक्षा मोठी संख्या मिळणे, अशक्य घटना, संभाव्यता शून्य. चारपेक्षा लहान संख्या मिळणे, निश्चित घटना, संभाव्यता एक." सरांचे खांदे हलायला लागतात. ते हसतायत. "आणि याला तुम्ही शून्य दिलंत?"

"सगळी उत्तरं चूक आहेत, सर."

"तिची पहिली ओळ खरी धरा. फाशावर एक, दोन आणि तीन एवढंच असतं असं समजा. आता तपासा."

बाई तपासतात. एक, दोन, तीन. यात समसंख्या दोनच, म्हणजे तीनपैकी एक. तीनपेक्षा मोठं काही नाहीच, म्हणजे अशक्य. चारपेक्षा लहान सगळेच, म्हणजे निश्चित. त्या दुसऱ्यांदा तपासतात. एसटीतल्या सगळ्या झोपलेल्या माणसांनी आपल्याकडे डोळे उघडून बघावं असं त्यांना वाटतं आणि बघू नये असंही वाटतं.

"म्हणजे ती पुढे कुठेच चुकलेली नाही," बाई हळू म्हणतात.

"कुठेच नाही. अशक्य आणि निश्चित हे दोन शब्द तुमच्या वर्गात एकालाही असे बिनचूक वापरता आले असतील तर सांगा. चूक पहिल्या ओळीत आहे. आता ती ओळ कुणाची, ते बघूया. उतरा."

उतरल्यावर पायाखाली शेणाने सारवलेला ओटा लागतो. शिरोळच्या एका घराचा हा ओटा आहे. बाई इथे कधी आलेल्या नाहीत, पण हे रेवतीचं घर आहे हे त्यांना ठाऊक आहे. तिचे वडील तानाजी चौगुले शिलाई मशिनवर बसून कुणाच्या तरी पोराची शाळेची चड्डी शिवतायत. मशिनचा खडखडाट एवढा की शेजारी बोललेलं ऐकू येऊ नये. मशिनच्या पायाशी फतकल मारून रेवती बसलीये, पाच वर्षांची, दोन शेंड्या, एक सुटलेली.

"काय चाललंय? मला सांगा," सर म्हणतात. मेल्यावरही त्यांना दिसत नाही, आणि त्याचं त्यांना काही वाटत नाही.

"बटणं वेगळी करतीये. समोर ढीग आहे. दोन भोकांची एका वाटीत, चार भोकांची दुसऱ्या वाटीत." बाई वाकून बघतात. "नाही, अजून काहीतरी आहे. मोठी बटणं उजव्या बाजूला टाकते, बारकी डाव्या. मोठी आणि चार भोकांची पुढ्यात वेगळी मांडलीयेत."

"कुणी शिकवलं?"

"कुणीच नाही. वडील तर मान वर करून बघतही नाहीयेत. चार भोकांच्या मोठ्या बटणांची गरज लागली की नुसता हात खाली करतात, आणि ही बरोबर हातावर ठेवते."

"हा छेद झाला," सर म्हणतात. त्यांचा आवाज जरा बदललाय. "आणि बाकीची पोरं कुठायत?"

बाकीची पोरं ओट्याच्या दुसऱ्या टोकाला सापशिडी खेळतायत. फासा पडतो, घरं मोजली जातात, भांडणं होतात, पण मशिनच्या आवाजात इकडे काहीच ऐकू येत नाही. रेवती एकदा उठते. तानाजी तिच्या झग्याला धरून खाली बसवतात. "हितंच बस गं, बाळ. तिकडं तुला तुडवतील पोरं." ते मायेनंच म्हणतात. ती बसते आणि पुन्हा बटणांत बोटं घालते.

"फासा तिच्या हातात कुणी दिला?" सर विचारतात.

"कुणी नाही."

"नंतर कधी?"

"सहाव्या वर्षी ती आपल्या शाळेत आली. आपल्याकडं सापशिडी नाही, सर. बुद्धिबळ आहे."

"आणि तुम्ही धडा शिकवताना वर्गात फासा नेला होता?"

इथे बाईंना जरा उभारी येते. कारण त्यांनी मेहनत केलीये. "मी चित्र केलं होतं, सर. पुस्तकातलं फाशाचं चित्र जाड कागदावर काढलं, रेघांवरून सुतळी चिकटवली, ठिपक्यांच्या जागी साबुदाणा. एका रविवारी बसून सगळ्या वर्गासाठी केलं. बोटांना स्पष्ट लागत होतं. बाकीच्यांनी सहा लिहिलं, म्हणजे त्यांना कळलं ना?"

"बाकीच्यांनी फासा घरी हाताळलाय. त्यांना तुमच्या चित्राची गरज नव्हती. द्या इकडं. नाही, तुम्हीच घ्या. आणि डोळे मिटा."

डोळे मिटायची गरज पडत नाही. ओट्यावरचं ऊन जातं, मशिन थांबतं, आणि बाईंना काहीही दिसेनासं होतं. घाबरून त्या हात पुढे करतात. हाताला सरांची बाही लागते. ज्या बाहीला धरून त्या सरांना रस्ता ओलांडून द्यायच्या, त्याच बाहीला आता त्यांनी घट्ट धरलंय.

"काही होत नाही," सर म्हणतात. "बोटं ठेवा आणि लागेल ते सांगा. ठाऊक आहे ते सांगू नका."

बाई बोटं ठेवतात. सुतळी लागते. एक चौकोन, पण तिरपा, वरून दाबल्यासारखा. त्याला चिकटून खाली दुसरा तिरपा चौकोन. त्याच्या शेजारी तिसरा. पहिल्यात साबुदाण्याचा एक दाणा. दुसऱ्यात दोन. तिसऱ्यात तीन.

"चौथा शोधा," सर म्हणतात.

बाई शोधतात. सुतळीच्या बाहेर कागद आहे, सपाट, चारी बाजूंनी. त्या पुन्हा आत येतात. तीनच. घाईघाईने त्या कागद उलटतात. मागे सगळं गुळगुळीत आहे.

"मागं काही नाही," त्या म्हणतात.

"मग किती निष्पत्ती?"

बाई बोटाने पुन्हा एकदा तिन्ही चौकोन मोजतात.

"तीन," त्या म्हणतात. "एक, दोन, तीन."

"दिसणारा माणूस समोरच्या तीन बाजू बघतो आणि पाठीमागच्या तीन मनानं भरतो. इतक्या झटकन भरतो की आपण भरल्या हेही त्याला कळत नाही. रेवतीनं जे हाताला लागलं ते लिहिलं. प्रामाणिकपणे लिहिलं."

"मी पोरीला अर्धा फासा दिला, सर."

"अर्धाच दिलात."

"आणि उत्तर पूर्ण मागितलं. आणि वर शून्य दिलं." बाई रडायला लागतात. लाज वाटते म्हणून, आणि खरं तर सुटल्यासारखं वाटतं म्हणूनही. पोरीच्या डोक्यात काही कमी असतं तर कुणाला काय करता आलं असतं? चित्र तर पुन्हा करता येतं.

"पुरे आता," सर म्हणतात. "अर्धा दिलात, तर पुरा द्या. गूळ कुठं ठेवतात?"

गूळ वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात ठेवतात. तिथेच ते दोघं उभे आहेत आणि बाईंना पुन्हा दिसतंय. खिडकीतून ऊन आलंय, मोरीशी ताटं उपडी घातलीयेत, ओट्यावर गुळाची ढेप आहे. भिंतीवर मात्र स्वयंपाकघराच्या पाट्यांऐवजी बाईंचा भूगोलाचा नकाशा लटकतोय, आणि त्यावरच्या नद्या हळूहळू वाहतायत. सर काठी चुलीशी टेकवतात आणि सुरी मागतात.

"सर, हात कापेल."

"या भागात जन्मून गूळ कापायला डोळे लागत असतील तर मग झालंच."

ते ढेपेचा एक तुकडा काढतात आणि अंगठ्याने कडा चाचपत त्याचा ठोकळा करत आणतात. सहा बाजू, सहाही सारख्या. मग खिशातली लवंगांची पुडी काढून बाईंच्या पुढे धरतात. "आता तुम्ही. लवंगा खोचा. एकासमोर सहा, दोनासमोर पाच, तिनासमोर चार. समोरासमोरच्या बाजूंची बेरीज सात यायला पाहिजे."

बाई लवंगा खोचतात. गूळ चिकट आहे, बोटांना लागतो. सहाच्या बाजूला तीन-तीनच्या दोन ओळी करताना त्यांची जीभ दातांत येते. सर एकेक बाजू बोटाने तपासून "हं" म्हणतात. चारावर त्यांचं बोट अडतं, एक लवंग वाकडी बसलीये, ती ते नीट करतात.

"टाका."

बाई फासा फरशीवर टाकतात. तो जेमतेम एकदा उलटतो आणि जिथल्या तिथे चिकटून बसतो.

"काय पडलं?"

"दोन. पण सर, हा घरंगळतच नाही. सगळ्या निष्पत्ती समसंभाव्य, सारख्याच शक्यतेच्या, कशा म्हणायच्या?"

"गुळाला समसंभाव्य म्हणणं धाडसाचंच आहे," सर मान्य करतात. "पण हाताला सहा बाजू लागतात की नाही? आज तेवढं झालं तरी रेवतीचं काम होतंय. लाकडाचा पुढच्या आठवड्यात करून घ्या सुताराकडून."

ज्योत्स्नाबाई फासा फरशीवरून सोडवतात आणि उभ्या राहतात. विचारायचं होतं ते आता विचारायलाच हवं. "तिचे वडील येतायत. मी सवलत घ्या म्हणणार होते."

"म्हणा की. पण सवलत तिला पाहिजे, का तुम्हाला?"

बाई नकाशाकडे बघतात. कृष्णा नदी वारणेला भेटायला निघालीये. "मला," त्या म्हणतात. "मला तुमच्यासारखं शिकवता येत नाही, सर. ती गणितातून गेली असती तर माझं ओझं कमी झालं असतं."

"माझ्यासारखं शिकवू नकाच. मी एवढी वर्षं या गावात राहिलो, पण उत्तर दिशा कुठं हे तुमचा हात धरूनच शोधायचो. तेव्हा तुम्ही मला काय सांगायचात? उन्हाकडं तोंड करा सर, सकाळ आहे, आता डावा हात उत्तरेला. माझ्या गालाला लागणारं ऊन तुम्हाला सुचलं होतं. ज्याला हे सुचतं त्याला फासाही सुचेल."

"ती पास होईल ना पण?"

"मी मेलोय बाई, ज्योतिषी नाही झालो." सर काठी उचलतात. "निश्चित घटना नाही. अशक्यही नाही. त्या दोन्हींच्या मध्ये ऐसपैस जागा आहे, तिथं बसून दोघी अभ्यास करा."

"थोडं थांबा ना सर. वडील येईपर्यंत."

"ते तुम्हाला भेटायला येतायत. मला कुणी बोलावलंय?" सर बाईंचा हात चाचपून शोधतात, तळहातावर फासा ठेवतात आणि बाईंची मूठ आपल्या दोन्ही हातांनी मिटतात. हात गरम आहेत. "घट्ट धरा. आणखी. ऊन लागलं की पाघळतो."

बाई घट्ट धरतात. सर वळतात. त्यांची काठी टकटक करत स्वयंपाकघरातून व्हरांड्यात जाते, व्हरांड्यातून मैदानात, चेंडूच्या खुळखुळाटाच्या पलीकडे, आणि मग ती टकटक लांब जायची सोडून जवळ येऊ लागते. दाराशी येते.

"बाई, आहात काय? बाबा आल्यात."

ज्योत्स्नाबाई डोकं वर काढतात. पंखा कुरकुरतोय. समोरची खुर्ची रिकामी आहे. दारात रेवती उभी आहे, बोटाच्या पेराने दार वाजवत. तिच्या मागे तानाजी चौगुले, एका हातात टोपी, दुसऱ्या हातात कापडी पिशवी. बाईंची उजवी मूठ टेबलावर घट्ट मिटलेली आहे, इतकी की बोटं दुखतायत.

त्या मूठ उघडतात. आत काही नाही. पण तळहात चिकट आहे, पिवळट चमकतोय, आणि त्यावर सहा खळगे आहेत. तीन-तीनच्या दोन ओळी, नीट सरळ. बाई बघत राहतात. स्वयंपाकघराला जेवणानंतर कुलूप लागतं, आणि स्टाफरूममध्ये तर साखरेचा कणसुद्धा ठेवायची सोय नाही, मुंग्या येतात.

"बसा," त्या कशाबशा म्हणतात. "बसा ना, चौगुले."

तानाजी बसत नाहीत. मुलीच्या मास्तरीणबाईंपुढे ते कधीच लवकर बसत नाहीत. "बाई, शून्य पडलं म्हणाली ही. मला त्यातलं काय कळत न्हाई. पर तिला झेपंल तेच करूया. तुमी म्हणाल तो सोपा इषय घेऊ. कसं?"

रेवतीने ओठ आत ओढून धरलेत. ती टेबलाच्या कडेने चालत येते आणि सवयीने बाईंचा हात शोधते, तोच उजवा. हात सापडतो आणि ती दचकते.

"चिकट झालाय हात. गूळ खाल्लासा काय, बाई?"

मग तिची बोटं थांबतात. ती तळहात आपल्याकडे ओढते. तर्जनी पहिल्या खळग्यात जाते, दुसऱ्यात, तिसऱ्यात, शेजारच्या ओळीत. पुन्हा पहिल्यापासून.

"सहा ठिपके. हे काय आहे?"

"फाशाची एक बाजू," ज्योत्स्नाबाई म्हणतात. आवाज जरा फुटतो, पण त्या पुढे बोलतात. "रेवती, मी दिलेल्या चित्रात तीनच बाजू होत्या. फाशाला सहा असतात. बाकीच्या तीन पाठीमागे असतात, त्या चित्रात येत नाहीत. हे मी तुला सांगायला हवं होतं. मला सुचलंच नाही. चूक माझ्या चित्रात होती, तुझ्या गणितात नव्हती." त्या तानाजींकडे वळतात. "तिनं कधी फासा हातात घेतलाय का हो, चौगुले? घरी?"

तानाजी आठवतात. "न्हाई बा. पोरं खेळायची वट्यावर. ही माझ्यापाशीच असायची, मशिनजवळ." थोडं थांबून ते म्हणतात, "बटणं निवडायची."

बाई मान वर करून त्यांच्याकडे बघतात. रेवतीचं मात्र दोघांकडेही लक्ष नाही. तिने तळहात सोडलेला नाही आणि ओठ हलतायत.

"सहा बाजू. एक ते सहा," ती स्वतःशी म्हणते. "मग समसंख्या दोन, चार, सहा. सहापैकी तीन. अर्धी." एक खळगा दाबते. "तीनपेक्षा मोठी. चार, पाच, सहा. अशक्य कुठली, ती पण अर्धी." मग तिच्या कपाळाला आठी पडते. "चारपेक्षा लहान, एक, दोन, तीन. बाई, ही पण अर्धीच आली."

"बरोबर."

"तिन्ही प्रश्नांचं उत्तर एकच?"

"एकच," बाई म्हणतात. पेपर काढताना हे त्यांच्या लक्षात आलं नव्हतं.

"मग हा असला कसला पेपर काढलासा?"

"रेवा," तानाजी घाईने म्हणतात, "बाईंस्नी असं बोलत्यात व्हय?"

"बोलू दे तिला. बरोबर बोलतीये." ज्योत्स्नाबाई हसतायत आणि डाव्या हाताने डोळे पुसतायत. "चौगुले, सोपा विषय नको. गणितच ठेवूया. निश्चित असं मी काही सांगत नाही. पण मी तिच्याबरोबर बसेन."

तानाजी मुलीकडे बघतात. तिची आठी, हलणारे ओठ, बाईंचा धरून ठेवलेला हात. मग ते टोपी टेबलावर ठेवतात आणि खुर्ची ओढून बसतात.

"दुसरा पेपर काढते तुझ्यासाठी," बाई रेवतीला म्हणतात. "आजच काढते."

"काढा. पण थांबा," रेवती म्हणते, आणि तळहात उलटून मागच्या बाजूलाही चाचपून बघते. "आधी बाकीच्या पाच बाजू दाखवा."

ज्योत्स्नाबाई उठतात आणि व्हरांड्यात जाऊन शिपायाला स्वयंपाकघराची किल्ली मागतात.